हिरव्या गाडीचा काठ

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज अंबरपेठेतील आमच्या दुकानासमोर एक हिरवी गाडी येऊन उभी राहिली आणि कोणी न सांगता मी खुर्चीवरून उठलो. गाडी विलायती आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, बसकी, माझ्या लग्नाच्या सुमारास बनलेली. मागच्या मडगार्डावरून मी नख फिरविले. रंग कारखान्यातील, मूळचा. त्यावर दुसरा हात कधी चढलेला नाही. अशी गाडी या शहरात मी पूर्वी फक्त मोठ्या बॅरिस्टरांच्या फाटकाआड पाहिली होती.

मालक कौस्तुभ हा पुण्याचा तरुण असून येथे संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने मागे रुंद टायर बसविले आहेत आणि ते मडगार्डाच्या आतल्या कडेला घासतात. कड आत वळवायची आहे, परंतु वरचा रंग तडकता कामा नये.

तो म्हणाला, "काका, सगळे गॅरेजवाले म्हणतात की कापू, पुट्टी भरू, रिपेंट करू. मला तेच नकोय. ओरिजिनल पेंट एकदा गेला की परत येत नाही."

माझा मुलगा सुमित मध्येच बोलला, "तेच बराबर आहे ना साहेब. पत्रा वळला की रंग फुटतोच. कायकू उगीच रिस्क."

मी सुमितच्या कानाखाली वाजविली. त्याचे केस पिकू लागले आहेत, तथापि दुकान माझे आहे. कौस्तुभ दोन पावले मागे सरला. आजकालच्या मुलांना शिस्त पाहण्याची सवय राहिलेली नाही.

मी शब्द दिला की दोन्ही कडा वळवून देईन आणि रंगाला केसाएवढी रेघ पडणार नाही. काम अवघड असल्याने आजपासून त्याची नोंद ठेवीत आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

आमचे घराणे तांबटांचे. अफझलगंजात वडिलांचे घागरी-हंड्यांचे दुकान होते. तांब्याची भांडी कोणी घेईना तेव्हा मी मोटारींच्या पत्र्याकडे वळलो. घागरीचा काठ वळविणे आणि मडगार्डाची कड वळविणे यांत फरक इतकाच की घागरीला रंग नसतो.

थंडीत जुना रंग काचेसारखा असतो. ऊब दिली की तो मऊ होतो आणि पत्र्याबरोबर वळतो. ऊब कमी पडली तर तडकतो, अधिक झाली तर फुगतो. मधली जागा कोठे आहे ते तळहाताला कळते. कौस्तुभने पिस्तुलासारखे एक यंत्र आणून दिले होते. पत्र्यावर रोखले की किती तापला त्याचा आकडा दाखविते. मी ते परत केले. यंत्र आकडा सांगते. रंग मऊ झाला की नाही, हे त्याला काय माहीत.

सुमितला ही विद्या मी लहानपणीच दिली. तापत्या तांब्यावर त्याचा हात ठेवीत असे आणि मी "बस" म्हणेपर्यंत उचलू देत नसे. आधी उचलला तर मोगरीचा, म्हणजे आमच्या लाकडी हातोड्याचा, दांडा पोटरीवर बसे. तो रडत नसे. माझी पत्नी इंदुमती त्याच्या हाताला लोणी लावी आणि नंतर बरेच दिवस माझ्याशी बोलत नसे. पुढे ती वारली. त्याचा हात मात्र तयार झाला. शिक्षण याहून वेगळ्या रीतीने होते असे माझ्या पाहण्यात नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

आज हाणामारी झाली. शेजारच्या टायरच्या दुकानातला मुनीर चहा पीत पीत आला आणि हिरव्या गाडीला पाठ टेकून उभा राहिला. त्याच्या कमरेला पितळी बक्कल. मी एकदा सांगितले. तो हसला. दुसऱ्यांदा मी मोगरी त्याच्या मांडीवर हाणली. तो पेल्यासकट खाली बसला.

"दिमाग खराब हुआ क्या उस्ताद? टेका दिया मैं, खा थोड़ी लिया गाड़ी को."

मी म्हणालो की अजून टेकला असतास तर दुसरी मांडी होती. त्यावर त्याने चाकाचा पाना फेकला. तो माझ्या डोक्यावरून जाऊन शटरवर आदळला. चार माणसे धावून आली. कोणीतरी माझी कॉलर धरली, मी त्याच्या बोटांना चावलो. सुमित हात जोडून सर्वांसमोर उभा राहिला आणि म्हणत राहिला, "जाने दो भाई, बड़े हैं, जाने दो." त्याच्या या नरमपणाची मला लाज वाटली. मुनीर लंगडत गेला. जाताना सुमितला म्हणाला, "तेरेकू सलाम है मियाँ. रोज कैसा रहता तू इनके साथ?"

घरी आलो तेव्हा माझी सून वृषाली माझ्या मागे फरशीकडे पाहत राहिली.

"मामंजी, तुमची एक चप्पल कुठंय?"

उजव्या पायात चप्पल नव्हती. धक्काबुक्कीत कोठेतरी राहिली असावी आणि ती उचलून नेणारे लोक या भागात पुष्कळ आहेत. दारापासून आतपर्यंत रक्ताचे ठसे उमटले होते. तिने मला बसविले आणि तळपायातून काचेचा तुकडा काढला. बोटाच्या पेराएवढा तरी असेल. बहुधा मुनीरच्या पेल्याचा.

"दुखत नाही?"

मी सांगितले, तांबटाचे पाय आहेत, भट्टीपुढे मुरलेले. तिने सुमितकडे पाहिले, त्याने तिच्याकडे. वडीलधाऱ्या माणसाची सहनशक्ती पाहून तरुण माणसे अशी एकमेकांकडे पाहतात. नंतर तिने विचारले की शुगरच्या गोळ्या घेता का. मी म्हणालो, आठवतात तेव्हा घेतो.

शनिवार, ११ जानेवारी

काम बिघडले. जसे घडले तसे लिहितो.

उजव्या बाजूचे चाक काढले, आतली वर्षानुवर्षांची माती खरवडली, कड पुसून कोरडी केली. सुमितने गरम हवेची गन धरली. माझा डावा तळहात बाहेर रंगावर आणि उजव्या हातात चामडे गुंडाळलेली मोगरी, कडेच्या आत. ऊब आली की मी "बस" म्हणायचे, त्याने गन हटवायची, मी कड दाबायची. अर्धी कमान उत्तम वळली. रंग जसाच्या तसा.

पुढे सुमित म्हणाला, "अण्णा, बस होईल."

"हात माझा आहे."

"अण्णा, वास येतोय."

"धर."

"अण्णा, हात काढा. तुमचा हात बघा."

"धर म्हणालो ना."

माझ्या हाताला ऊब अजून पुरेशी लागली नव्हती, याविषयी मला शंका नाही. तरीही माझ्या बोटांशेजारी रंग पापडासारखा फुगला आणि फुटला. अंगठ्याच्या नखाएवढी जागा. खाली उघडा पत्रा दिसला. मी हात उचलला तेव्हा तळहाताची साल लोंबत होती. गन धरताना त्याने निष्काळजीपणे माझ्या हातालाही चटका दिलेला असणार. त्याखेरीज दुसरे कारण संभवत नाही.

मी त्याला मोगरीने मारले. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा डाव्या मनगटावर. दुसऱ्याचा आवाज पत्र्यावर मोगरी पडते त्याहून वेगळा होता. तो मटकन खाली बसला. गन जमिनीवर पडून गरगरत राहिली आणि तिच्या तोंडाने त्याच्या पँटचा पाय जळू लागला. मी तो माझ्या पायाने विझविला.

त्याने हात वर केला नाही. माझ्यासमोर तो कधीच हात वर करीत नाही. एवढे संस्कार शिल्लक आहेत, याचे समाधान.

रविवार, १२ जानेवारी

मनगटाचे हाड मोडले आहे. काल त्याला पुत्तूरच्या पद्धतीचा पट्टा बांधणाऱ्या हाडवैद्याकडे न्यावे असे मी सुचविले. वृषालीने रिक्षा बोलावली आणि ती त्याला इस्पितळात घेऊन गेली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून गेलो.

सुमितने डॉक्टरांना सांगितले की जॅक घसरला. डॉक्टरांसमोर खोटे बोलू नये, म्हणून मी दुरुस्ती करणार होतो. तेवढ्यात वृषाली म्हणाली, "मामंजी, तुम्ही बाहेर बसा." ती नांदेडची. माहेरी तिचे वडील शिक्षक होते. तिचा आवाज मी इतका खाली कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांची नजर माझ्या हाताभोवतीच्या फडक्यावर गेली. फडके सोडून त्यांनी तेलुगूत विचारले, "नोप्पी उंदा?" मी सांगितले, "लेदू." दुखत नव्हते, तर दुखते असे का सांगावे. त्यांनी जखमेच्या कडेला सुईसारखे काहीतरी टोचले आणि पुन्हा विचारले. मी म्हणालो की उपचार माझ्या मुलाचे चालले आहेत, माझे नव्हेत. त्यांनी वृषालीकडे पाहून इंग्रजीत काही सांगितले, त्यातला 'शुगर' एवढाच शब्द मला कळला. मला इंग्रजी येत नाही आणि आपल्यासमोर आपल्याविषयी परक्या भाषेत बोलणाऱ्यास काय म्हणावे, तेही मी लिहीत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गच्चीवर पोरांचे पतंग. घरात कोणी तिळगूळ दिला नाही. मीही मागितला नाही.

दुपारी दुकानात जाऊन एकटाच गाडीपाशी बसलो. फुटलेल्या जागेवर बोट ठेवले. डोळ्यांना तिची कड दिसत होती. बोटाला ती सापडेना. उजेड कमी असावा.

बुधवार, १५ जानेवारी

आज सकाळी माझ्या घरात माझ्या सुनेने माझ्यावर हात टाकला. प्रसंग नोंदवितो.

मी खुर्चीवर वर्तमानपत्र वाचीत होतो. उजवा हात खुर्चीच्या हातावर उताणा पडला होता. वृषाली स्वयंपाकघरातून आली. मला वाटले, चहा आणला. मी बातमी वाचीत राहिलो. पान उलटण्यासाठी हात उचलू गेलो तो उचलेना, म्हणून खाली पाहिले. तिने माझ्या तळहातावर सांडशी दाबून धरली होती. तिच्या तोंडातून धूर येत होता, म्हणजे सांडशीच्या.

"मामंजी, आत्ता गॅसवरनं काढलीय. मी पाचपर्यंत आकडे मोजले. तुम्ही वाचत होतात."

मी उठलो आणि हात उगारला. ती हलली नाही.

"मारा. मोगरी आणून देऊ का दुकानातनं? त्यांचं मनगट मोडलंत तुम्ही. म्हणे गन जवळ धरली. ते ओरडत होते, वास येतोय, हात काढा म्हणून. तुम्हाला काही कळत नव्हतं. पायात काच गेली तेव्हा कळलं नाही. आता हे."

सुमित दारात आला. गळ्यातल्या झोळीत हात. "वृषाली, सोड."

"मी सोडलंय. मामंजींनाच विचारा, सोडलंय ते कळलं का."

सुनेने सासऱ्याला चटका द्यावा, ही गोष्ट आमच्या घराण्यात घडलेली नाही. मी तिच्या हातातून सांडशी हिसकावली. ती गार असली पाहिजे, असे मला वाटले. खात्री करून घेण्यासाठी मी ती माझ्या दंडाला लावली.

केस जळाले. डोळ्यांत पाणी आले.

सांडशी गरम होती. एवढेच लिहितो.

गुरुवार, १६ जानेवारी

कौस्तुभला मीच बोलावून घेतले. उजव्या बाजूला रंग फुटला आहे, हे त्याने पाहण्यापूर्वी सांगितले. तो गाडीपाशी उकिडवा बसला आणि फार वेळ उठला नाही.

"कोणाकडून झालं?"

"दुकान माझे आहे," मी म्हणालो.

त्याने सुमितच्या प्लास्टरकडे पाहिले. "सुमितदादा, हाताला काय झालं?"

"जॅक घसरला साहेब."

कौस्तुभची नजर कोपऱ्यातील मोगरीकडे गेली आणि तेथेच राहिली. मग तो माझ्याशी पूर्वीपेक्षा हळू आवाजात बोलू लागला, जसे लोक साखळीच्या कुत्र्याजवळून जाताना बोलतात.

"काका, एवढासा डाग मी तसाच ठेवीन. जुन्या गाडीला चालतो. डावी बाजू नीट झाली तर मला बाकी काही नको. पण तीही फुटली ना, तर मी गाडी नेईन, दोन्ही बाजू कापेन आणि सगळी गाडी नव्याने रंगवून घेईन. मग मूळ रंगाचं नाव काढायचं नाही. ते मीटर आणून देऊ का?"

"ज्याने रंग पाहिला नाही त्याचा आकडा मला नको," मी म्हणालो. हे वाक्य मी गेल्या आठवड्यातही बोललो असतो. आज ते बोलताना माझ्या दोन्ही हातांना फडकी होती.

मी दुसरे काही सांगणार होतो की कसे, ते आता आठवत नाही. सुमित मागून म्हणाला, "हात मी ठेवतो. उजवा शाबूत आहे माझा."

वृषाली डबा घेऊन आली होती. तिने तो बाकावर ठेवला आणि ती निघून गेली.

मी सुमितला विनंती केलेली नाही, हे येथे नमूद करतो.

शनिवार, १८ जानेवारी

डावी बाजू आज केली.

गन मी डाव्या हातात धरली, मोगरी उजव्या. सुमितने झोळीतला हात पोटाशी घेतला आणि उजवा तळहात रंगावर ठेवला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की आज मला काहीच ठाऊक नसणार. रंग किती तापला, ते या माणसाच्या हाताला कळणार आणि तो सांगेल ते मला मानावे लागणार. त्याने मनात आणले असते तर तो दोन शब्दांत माझा शब्द मातीत घालू शकला असता. त्याला तसे करण्यास कारणही कमी नव्हते. मी त्याच्या जागी असतो तर केले असते.

"कसे आहे?"

"कोमट."

"आता?"

"गरम. दाबा."

मी दाबले. कड वळली. रंगावरची चमकसुद्धा हलली नाही. आम्ही वीत-वीत पुढे सरकलो. "थांबा", "अजून", "दाबा", एवढेच शब्द. मी मोगरी जोराने मारीत होतो, कारण हलक्या हाताने पत्रा ऐकत नाही. प्रत्येक ठोक्याला त्याचा मार लागलेला खांदा उडत होता, तळहात मात्र उडत नव्हता. पाऊण कमान अशी वळली, की माझ्या आयुष्यात मी इतके स्वच्छ काम केलेले नाही.

शेवटी मागच्या बंपरजवळचा तुकडा उरला. तेथे पत्रा दुहेरी जोडलेला असल्याने ऊब अधिक लागते. मी गन जवळ नेली.

"कसे आहे?"

"ठीक आहे."

"आता?"

तो बोलला नाही.

"सुमित, आता?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहऱ्यावर काही नव्हते. वरच्या ओठावर घाम होता आणि मानेची शीर ताठ झाली होती. बोटांच्या कडा लाल, मग पांढऱ्या होऊ लागल्या. दुहेरी पत्रा अजून तापायचा होता. हे मला हातावाचूनही कळत होते. इतकी वर्षे मी ते काम केले आहे. आणखी थोडा वेळ, पुरती वीस श्वासांची ऊब. तो हात उचलणार नव्हता. मी "बस" म्हटल्याखेरीज तो हात उचलत नाही. मीच त्याला तसे शिकविले आहे, आणि तळहात पत्र्याला चिकटला असता तरी त्याने तो उचलला नसता. वयाच्या आठव्या वर्षी तो असाच उभा राहत असे, असाच ओठ मिटून, आणि मी अभिमानाने ग्राहकांना दाखवीत असे.

मी गन बंद केली.

"अण्णा, अजून नाही झालं," तो म्हणाला.

"बस," मी म्हणालो.

त्याने हात उचलला. मी शेवटचा तुकडा दाबला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा बारीक आवाज झाला. बंपरपासून वर, चार बोटे लांब, रंगात रेघ गेली. सरळ आणि अगदी बारीक. पाहिली नाही तर दिसणार नाही. पाहणाऱ्याला दुसरे काहीच दिसणार नाही.

संध्याकाळी कौस्तुभ आला. त्याने रेघ लगेच शोधली. सुमित तोंड उघडणार होता, मी त्याला हाताने गप्प केले.

"ऊब कमी पडली," मी म्हणालो. "गन मी आधी बंद केली."

"का पण, काका? एवढं सगळं नीट केलंत की."

मी मोगरीचे चामडे सोडू लागलो. कौस्तुभने आणखी एकदा विचारले, मग सुमितच्या उजव्या हाताकडे पाहिले. सुमितने तो हात पाठीमागे घेतला. कौस्तुभ गाडीत बसला. कोणत्या गॅरेजकडे नेतो आहे ते मी विचारले नाही. हिरवा रंग सिग्नलपर्यंत दिसत राहिला, मग बसच्या आड गेला.

दुकान रिकामे झाले. सुमित बाकावर बसून हाताला गार पाणी लावीत होता. तो म्हणाला, "अण्णा, मी अजून धरला असता."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

मी शटर खाली ओढू लागलो. फडके बांधलेल्या हातांनी ते अर्ध्यावर अडकले. सुमित उठला आणि त्याने पायाने ते खाली दाबले.